ओट्याशेजारचा टचस्क्रीन टायमर: ईएसपी३२ ची पहिली जोडणी, घरच्या घरी

ईएसपी३२सारखा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपमधला छोटा कॉम्प्युटर, पहिल्यांदाच हातात घेणारं कोणी विचारायला आलं, की मी त्यांना एलईडी लुकलुकवत बसायला सांगत नाही. स्वयंपाकघरासाठी टायमर बनवा, म्हणते. पावणेतीन इंचांचा रंगीत स्क्रीन, त्यावर बोटाने दाबायची तीन-चार मराठी बटणं, आणि वेळ संपली की बझर. घरात रोज कोणीतरी वापरेल अशी वस्तू असली म्हणजे मधे अडलेलं काम पुरं होतं. ठाण्यात कोपरीतल्या आमच्या घरी असा एक टायमर आईच्या ओट्याशेजारी भिंतीला लावलेला आहे. तोच कसा बांधायचा, ते पायरीपायरीने सांगते.

सुरू करण्याआधी एक गोष्ट पक्की करा: एका वेळी एकच नवी वस्तू जोडायची, ती चालली की मगच पुढची. सगळ्या तारा एकदम लावून, सगळा प्रोग्राम एकदम चढवून स्क्रीन पांढराच राहिला, तर चूक दहा ठिकाणी असू शकते. एकेक वस्तू जोडत गेलात तर ती नेहमी शेवटच्या वस्तूतच सापडते.

खरेदी

सगळं ऑनलाइन मिळतं. तरी पहिल्या वेळी मुंबईत लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन या. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडून ग्रँट रोड, आणि पूर्वेला बाहेर पडून चालत. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. वस्तू हातात घेऊन बघता येते, आणि काउंटरवरच्या माणसांना काय कशाला चालतं हे तोंडपाठ असतं.

यादी अशी. ईएसपी३२ चा ३० पिनांचा डेव्हलपमेंट बोर्ड. २.८ इंची, २४० बाय ३२० पिक्सेलचा एसपीआय टीएफटी स्क्रीन, टचसह (टीएफटी म्हणजे रंगीत स्क्रीनचा प्रकार, एसपीआय म्हणजे चिपांनी मोजक्या तारांवरून आपसांत बोलायची पद्धत). त्यावरची कंट्रोलर चिप आयएलआय ९३४१ हवी आणि टचसाठी एक्सपीटी २०४६. हे नाव घेऊनच मागा, कारण दिसायला हुबेहूब अशा स्क्रीनमध्ये एसटी ७७८९ ही दुसरी चिपही येते. ती वाईट नाही, पण तिच्यासाठी सेटिंग वेगळी लागते. दोन ब्रेडबोर्ड (डाख न लावता तारा खोचायच्या भोकांच्या पाट्या), जंपर वायरींचा (त्यात खोचायच्या तयार तारांचा) एक जुडगा, एक झिरो पीसीबी (तांब्याच्या चकत्यांची भोकं असलेली पाटी), दोन फिमेल बर्ग स्ट्रिप (पिना खोचायच्या भोकांच्या पट्ट्या), बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १ किलोओहमचा रेझिस्टर आणि ५ व्होल्टचा अ‍ॅक्टिव्ह (वीज मिळताच आपोआप वाजणारा) बझर. हत्यारांत २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० ची बारीक सोल्डर वायर (डाखाची तार), राळेचा फ्लक्स, कटर आणि कंटिन्युइटीला (दोन टोकं आतून जोडलेली असली की) बीप करणारा साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर टाळू नका. बाकी कशातही काटकसर करा, यात नको.

टच ‘रेझिस्टिव्ह’ असल्याची खात्री करून घ्या. फोनचा टच कपॅसिटिव्ह असतो, तो बोटातल्या विजेच्या परिणामावर चालतो आणि हात ओले असले की गोंधळतो. रेझिस्टिव्हमध्ये विद्युतवाहक थर दिलेले दोन पारदर्शक पापुद्रे एकावर एक असतात. दाबलं की ते त्या जागी एकमेकांना टेकतात आणि तिथलं व्होल्टेज मोजून जागा कळते. त्याला फक्त दाब लागतो. बोट ओलं असो, कणकेने माखलेलं असो, किंवा वरून पातळ प्लॅस्टिक लावलेलं असो, चालतं. स्वयंपाकघरासाठी म्हणूनच मी हा निवडते.

पहिली पायरी: नुसता बोर्ड

घरी आल्यावर स्क्रीन पिशवीतच राहू द्या. आधी फक्त बोर्ड आणि केबल.

केबलवरून एक सांगायलाच हवं. माझे पहिले दोन दिवस तिच्यात गेले. बोर्डावरचा लाल दिवा लागत होता, पण कॉम्प्युटरला बोर्ड दिसेचना. ड्रायव्हर तीनदा काढून टाकला, परत घातला. शेवटी दुसऱ्या फोनची केबल लावली आणि पोर्ट लगेच आलं. आधीची केबल फक्त चार्जिंगची होती. तिच्यात डेटाच्या तारा नव्हत्याच. तेव्हा ज्या केबलने फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवता येतात, तीच घ्या आणि तिला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

आर्डुइनो आयडीई (प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायचं सॉफ्टवेअर) उतरवा, त्यातल्या बोर्ड मॅनेजरमधून एस्प्रेसिफ या ईएसपी३२ बनवणाऱ्या कंपनीचं ईएसपी३२ पॅकेज घाला, ‘ईएसपी३२ डेव्ह मॉड्युल’ निवडा. पोर्ट दिसलं नाही तर यूएसबीच्या तोंडाजवळची छोटी चिप भिंगातून पाहा: सीपी२१०२ किंवा सीएच३४०. तिचाच ड्रायव्हर लागतो. मग सिरियल मॉनिटरवर (बोर्डाने पाठवलेला मजकूर दाखवणाऱ्या आयडीईतल्या खिडकीत) ‘नमस्कार’ छापणारा दोन ओळींचा प्रोग्राम चढवा. अपलोड करताना ‘कनेक्टिंग’वर ठिपक्यांची रांग वाढतच गेली, तर बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा आणि अपलोड सुरू झाल्यावर सोडा.

दुसरी पायरी: तारा

ईएसपी३२ रुंद असतो. एका ब्रेडबोर्डवर बसवला की जंपर लावायला जेमतेम एका बाजूला भोकं उरतात. दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवा आणि बोर्डाचा एक पाय इकडे, एक पाय तिकडे करा. दोन्ही बाजूंना ऐसपैस जागा मिळते.

स्क्रीनच्या पाठीमागे १४ पिनांची रांग असते, नावं छापलेली. यूएसबी काढूनच तारा लावा (डावीकडे स्क्रीनची पिन, उजवीकडे आकडा बोर्डावरच्या पिनेचा; जीएनडी म्हणजे ग्राउंड, शून्य व्होल्ट):

व्हीसीसी – बोर्डाच्या ५ व्होल्ट किंवा व्हीआयएन पिनला
जीएनडी – जीएनडीला
सीएस – १५
रीसेट – ४
डीसी – २
एसडीआय – २३
एससीके – १८
एलईडी – ३.३ व्होल्टला
एसडीओ – कशालाच नाही
टी-क्लॉक – १८
टी-सीएस – २१
टी-डीआयएन – २३
टी-डीओ – १९
टी-आयआरक्यू – कशालाच नाही

१८ आणि २३ दोनदा आले, ती चूक नाही. स्क्रीन आणि टच या दोन वेगळ्या चिप, पण एसपीआयच्या तारा दोघींना सामाईक. चाळीतल्या नळासारखं: नळ एक, ज्याचा नंबर असेल त्याने हंडा लावायचा. नंबर कोणाचा हे सीएस पिन ठरवते. ज्या चिपची सीएस खाली ओढली जाते, म्हणजे शून्य व्होल्टला आणली जाते, तीच त्या क्षणी ऐकते आणि बोलते, दुसरीने गप्प राहायचं.

एसडीओ का सोडायची तेही यातूनच कळेल. या स्वस्त स्क्रीनमधले बरेचसे आपला नंबर संपला तरी हंडा हलवत नाहीत. सीएस वर गेली तरी एसडीओची तार धरूनच ठेवतात. ती टचच्या टी-डीओबरोबर १९ ला जोडली की टचचे आकडे वेडेवाकडे येतात. आपल्याला स्क्रीनकडून काही वाचायचंच नसतं, फक्त त्यावर लिहायचं असतं. मग ती तार लावायचीच कशाला?

व्हीसीसीला ५ व्होल्ट दिले कारण स्क्रीनच्या पाठीवर स्वतःचा ३.३ चा रेग्युलेटर असतो. मात्र बाकीच्या सिग्नल पिना ३.३ व्होल्टच्याच. जुन्या आर्डुइनो उनोच्या पिना ५ व्होल्टच्या असतात, तिथे ही जोडणी जशीच्या तशी वापरू नका.

स्वतःच्या मनाने पिन बदलायच्या असतील तर ईएसपी३२ वर ६ ते ११ ला हात लावू नका, त्या आतल्या फ्लॅश मेमरीच्या आहेत. ३४ ते ३९ फक्त इनपुटसाठी. आणि १२ पासून लांब राहा: बोर्ड सुरू होताना ती पिन वर ओढलेली असली की तो फ्लॅशला १.८ व्होल्टची समजतो आणि उठतच नाही. मी एकदा तिथे पुल-अप (पिन वर ओढून धरणारा रेझिस्टर) लावलेलं बटण जोडलं होतं आणि बोर्ड जळाला समजून बाजूला ठेवून दिला होता.

सगळं लावून झालं की यूएसबी जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवून ५ व्होल्ट आणि जीएनडी तपासा. बीप वाजता कामा नये. मग प्रत्येक तारेची दोन टोकं एकेक करून: आता बीप वाजलाच पाहिजे. दहा मिनिटं लागतात, तेवढी द्या.

तिसरी पायरी: स्क्रीनवर रंग

आयडीईच्या लायब्ररी मॅनेजरमधून बॉडमर यांची ‘टीएफटी ई-एसपीआय’ ही लायब्ररी (स्क्रीन चालवणारा तयार प्रोग्रामचा संच) घ्या. हिचं वेगळेपण असं की पिनांचे आकडे तुमच्या प्रोग्राममध्ये लिहायचे नसतात. लायब्ररीच्या फोल्डरमध्ये ‘यूजर सेटअप’ नावाची फाइल आहे, तिच्यात लिहायचे. तिथे आयएलआय ९३४१ ची ओळ आधीच चालू असते, पण पिना नोडएमसीयू या दुसऱ्या बोर्डाच्या असतात. त्या ओळींपुढे दोन तिरक्या रेघा मारून त्या बंद करा आणि खाली ईएसपी३२ च्या ओळी रेघा काढून चालू करा. वरच्या यादीतले आकडे त्याच ओळींशी जुळवून दिलेत: १५, २, ४, १८, २३, १९, आणि टचची २१. फाइलची एक प्रत स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवा. लायब्ररी अपडेट केली की ही फाइल पुन्हा मूळची होते, तुमचे बदल जातात.

उदाहरणांतलं ‘ग्राफिक्स टेस्ट’ चढवा. रेघा, वर्तुळं, रंग धावू लागले की पायरी पार.

स्क्रीन पांढराच राहिला तर घाबरायचं नाही. पांढरा म्हणजे मागचा दिवा लागलाय, पण चिपला निरोप पोचलेला नाही. बहुतेक वेळा सेटअपची फाइल सेव्ह झालेली नसते, नाहीतर डीसी आणि रीसेटची अदलाबदल झालेली असते. लाल हवा तिथे निळा दिसला तर त्याच फाइलमध्ये रंगांचा क्रम आरजीबी की बीजीआर हे ठरवणारी ओळ आहे. चित्र मधेच फाटत असेल तर तारा लांब आहेत: एसपीआयचा वेग ४० मेगाहर्ट्झवर ठेवला असेल तर २७ वर आणा. आणि सिरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट’ असा शब्द आला, की वीज कमी पडते आहे. केबल बदला, किंवा यूएसबी हबऐवजी फोनच्या चार्जरवर लावून पाहा.

चौथी पायरी: स्पर्श

आता ‘टच कॅलिब्रेट’ हे उदाहरण. टचची चिप १२ बिटांची आहे, म्हणजे जागा ० ते ४०९५ या आकड्यांत सांगते. स्क्रीन मात्र २४० बाय ३२०. दोन्हींचा मेळ घालायचं काम हा प्रोग्राम करतो. चार कोपऱ्यांत एकेक बाण येतो, त्याच्या टोकावर दाबायचं. इथे बोट वापरू नका. स्क्रीनबरोबर प्लॅस्टिकची काडी येते ती घ्या, नसेल तर रिफिल संपलेलं बॉलपेन. अगदी टोकावर टेकवा, बाण जाईपर्यंत हलवू नका. चौथा कोपरा झाला की सिरियल मॉनिटरवर पाच आकडे येतात. ते वहीत उतरवा. हे पाच आकडे तुमच्याच स्क्रीनचे, दुसऱ्याच्या स्क्रीनला ते लागू पडत नाहीत. स्क्रीन उभा ठेवणार की आडवा हे आधी ठरवा आणि कॅलिब्रेशन त्याच दिशेत करा, नाहीतर डावीकडे दाबाल आणि ठिपका वर उमटेल.

डाख

ब्रेडबोर्डवर सगळं चाललं तरी तो स्वयंपाकघरात टिकणार नाही. खाडीकाठची आपली हवा, त्यात जून ते सप्टेंबर. जंपरच्या टोकांवर मळकट थर चढतो आणि एक दिवस स्क्रीन उगाच थरथरू लागतो. म्हणून झिरो पीसीबीवर पक्की जोडणी.

लहानपणी कल्हईवाल्याला ज्यांनी पाहिलंय त्यांना सोल्डरिंग शिकवावं लागत नाही. तो आधी पातेलं तापवायचा, मग नवसागर टाकायचा, धूर निघायचा, आणि त्यानंतर कथिलाची कांडी नुसती टेकवली की पांढरी चकाकी कापसाच्या बोळ्यामागे पळत जायची. भांडं गार असलं तर कथील गोळा होऊन घरंगळायचं. इथेही तसंच आहे. तार आणि तांब्याची चकती दोन्ही तापवायच्या, डाख त्यांच्या गरमीने वितळला पाहिजे, आयर्नच्या नव्हे. फ्लक्सचं काम नवसागराचंच: धातूवरचा गंजाचा पापुद्रा काढणं. फक्त नवसागर किंवा अ‍ॅसिडचा फ्लक्स इथे चालत नाही, तो बारीक तारा खातो. राळेचाच घ्या.

आयर्नचं टोक ओल्या स्पंजवर पुसा, त्यावर थोडा डाख घ्या, पिन आणि चकती दोन्हींना एकदम टेकवा. मनात एक-दोन मोजा. आता डाखाची तार दुसऱ्या बाजूने लावा. क्षणभर काही होत नाही, मग ती एकदम पाण्यासारखी पसरते आणि पिनभोवती वर चढते. तार काढा, मग आयर्न काढा, आणि फुंकर न मारता थांबा. चकचकीत, छोट्या शंकूसारखा दिसला तर पक्का. चेंडूसारखा गोल बसला असेल तर कच्चा, पुन्हा तापवा.

पंखा बंद ठेवावा लागतो, तो टोक गार करतो. पण खिडकी उघडी हवी. ६०/४० मध्ये शिसं असतं, तेव्हा हे काम ओट्यावर किंवा जेवायच्या टेबलावर नको, आणि झाल्यावर साबणाने हात धुवायचे.

बोर्ड किंवा स्क्रीन थेट डाखू नका. फिमेल बर्ग स्ट्रिप डाखून घ्या आणि दोन्ही वस्तू त्यात खोचा, म्हणजे पुढे काही बिघडलं तर उपटून बदलता येतं. प्रत्येक सांधा झाल्यावर शेजारच्या चकतीशी बीप वाजत नाही ना, ते पाहा.

याच वेळी बझर. ईएसपी३२ च्या पिनेला थेट लावू नका, तिला एवढा प्रवाह झेपत नाही. बीसी५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. एमिटर जीएनडीला, बेस १ किलोओहममधून २५ नंबरच्या पिनेला, कलेक्टर बझरच्या उण्या टोकाला, आणि बझरचं अधिक टोक ५ व्होल्टला. रिले (छोट्या विजेने मोठी वीज चालू-बंद करणारा स्विच) आणि २३० व्होल्टचं काहीही या प्रकल्पात आणू नका. हौस वाढली की ते वेगळं आणि जाणत्या माणसाच्या सोबतीने शिका.

टायमरचा प्रोग्राम

प्रोग्रामला तीन अवस्था पुरतात: निवांत, चालू, वाजतंय. निवांतमध्ये बटणं दिसतात. बटण दाबलं की त्या क्षणाची ‘मिलिस’ (बोर्ड सुरू झाल्यापासूनचे मिलिसेकंद) लिहून ठेवायची, आणि प्रत्येक फेरीत आत्ताच्या मिलिसमधून ती वजा करून उरलेला वेळ काढायचा. नवशिके इथे हमखास ‘डिले’ (ठरावीक वेळ थांबायची आज्ञा) वापरतात. डिले चालू असेपर्यंत बोर्ड दुसरं काहीच करत नाही, टचही वाचत नाही, मग ‘बंद करा’ दाबून दाबून माणूस वैतागतो. मिलिसचा आकडा साधारण ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पण चिन्हरहित ३२ बिटांच्या व्हेरिएबलमध्ये ठेवून वजाबाकी केली तर तेव्हाही उत्तर बरोबर येतं.

दर सेकंदाला अख्खा स्क्रीन पुसून रंगवू नका. २४० गुणिले ३२० पिक्सेल, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे १,५३,६०० बाइट. २७ मेगाहर्ट्झला यालाच ४५ मिलिसेकंदांहून जास्त लागतात आणि डोळ्यांना लुकलुक दिसते. जो अंक बदलला तेवढाच पुन्हा काढा. आणि बटण दाबलं गेलं की बोट उचललं जाईपर्यंत दुसरा स्पर्श मोजू नका, नाहीतर एका दाबात टायमर सुरू होऊन बंदही होईल.

मराठी अक्षरं

इथे बहुतेक जण हार मानतात आणि बटणांवर इंग्रजी लिहून मोकळे होतात. मला ते पटत नाही. वस्तू आईसाठी असेल तर तिच्या भाषेत असावी, आणि ते अवघड नाही.

अडचण अशी की ही लायब्ररी अक्षरं एकामागे एक मांडते. ‘शिट्टी’ हा शब्द घ्या. त्यातली पहिली वेलांटी उच्चाराने ‘श’नंतर, पण लिहिताना त्याच्या आधी येते, पुढे ‘ट’खाली ‘ट’ जोडायचा. फोनमध्ये हे जुळवणारा वेगळा प्रोग्राम असतो, इथे नाही. म्हणून अक्षरं चढवायचीच नाहीत, चित्र चढवायचं. कॉम्प्युटरवर चित्रं काढायच्या कुठल्याही प्रोग्राममध्ये १२० बाय ६० पिक्सेलचा कागद घ्या, बटणाचा रंग भरा, आवडत्या फॉन्टमध्ये शब्द लिहा. ते चित्र १६ बिटी ५६५ (लाल ५, हिरवा ६, निळा ५ बिट) रंगांच्या आकड्यांत बदलून देणारी मोफत साधनं आहेत. मिळालेले आकडे प्रोग्राममध्ये कॉन्स्ट अ‍ॅरे (न बदलणारी आकड्यांची यादी) म्हणून चिकटवा आणि ‘पुश इमेज’ने काढा. एका बटणाला १४,४०० बाइट. चार बटणं म्हटली तरी ४ मेगाबाइटच्या फ्लॅशमध्ये ते कुठल्या कुठे जातं. रंग भलतेच आले तर आधी ‘सेट स्वॅप बाइट्स’ चालू करा, दोन बाइटांचा क्रम उलटा झालेला असतो.

अंकही असेच: ० ते ९, प्रत्येकी ४० बाय ६० चं चित्र, रुंदी सगळ्यांची सारखी. मग उरलेला वेळ ०४:५९ असा देवनागरीत उतरत जातो.

आमच्या टायमरवर चार बटणं आहेत. ‘अंडी’ दहा मिनिटांचं, ‘दूध’ सात मिनिटांचं, ‘शिट्टी झाली’ म्हणजे गॅस बारीक करून पुढची पाच मिनिटं, आणि ‘बंद’. तुमची तुम्ही ठरवा, पण चारच्या वर जाऊ नका. बोटाला बटण मोठं लागतं.

डबा

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर, किंवा तुमच्या जवळच्या बाजारात, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, स्क्रीनची पाटी आडवी मावेल असा. चित्र दिसतं तो भाग ५७.६ बाय ४३.२ मिलिमीटर आहे. झाकणावर तेवढीच चौकट आखून कटरने चार-पाच फेऱ्यांत हळूहळू कापा, एका फेरीत जोर लावला की प्लॅस्टिक तडकतं. खिडकीवर बाहेरून पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चिकटवा, म्हणजे फोडणीचे शिंतोडे स्क्रीनवर जाणार नाहीत. केबलचं भोक खालच्या बाजूला ठेवा, वाफेचं पाणी तारेवरून आत ओघळत नाही. बझरसमोर दोन-तीन बारीक भोकं पाडा. भिंतीवर जागा शेगडीपासून हातभर लांब आणि सिंकच्या नळापासून त्याहून लांब.

प्लॅस्टिक काही महिन्यांनी धुरकट होतं. ते बदललं की चौथ्या पायरीतलं कॅलिब्रेशन पुन्हा करा आणि नवे पाच आकडे प्रोग्राममध्ये घाला. ताण बदलला की दाबाची जागा किंचित सरकते, आणि ‘दूध’ दाबल्यावर ‘अंडी’ सुरू होतं.